आधी जन्म शोधा, मग मृत्यू, मग कारण: नवजात धनुर्वात मोजायला येणाऱ्या नव्या सहकाऱ्यांसाठी

या कामात नव्याने येणारी मंडळी बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात: बाळ धनुर्वातानेच गेलं, हे ओळखायचं कसं? प्रश्न योग्य आहे, पण तो तिसरा आहे. पहिला प्रश्न असा की या भागात गेल्या वर्षभरात बाळं जन्मली किती. दुसरा, त्यांतली किती महिन्याच्या आत गेली. या दोन प्रश्नांची उत्तरं कच्ची असतील, तर तिसऱ्याचं उत्तर कितीही काटेकोर असलं तरी हाती येणारा आकडा खोटा असतो. इतकी वर्षं पाहण्या आखण्यात, घरोघर फिरण्यात आणि तक्ते तपासण्यात गेल्यावर माझं ठाम मत झालं आहे, की आपल्या आकड्यांतली सगळ्यात मोठी तूट निदानातली नसते. ती असते कुणी न मोजलेल्या जन्मांची आणि कुणी न सांगितलेल्या मृत्यूंची.

सामाजिक आरोग्याचे निवासी डॉक्टर, लोकसंख्याशास्त्राचे किंवा संख्याशास्त्राचे विद्यार्थी आणि समाजकार्यातून पाहणीच्या कामात आलेले तरुण, अशा सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. तुमच्यातले काही आजाराकडून आकड्यांकडे येतील, काही आकड्यांकडून आजाराकडे.

आधी आजार. क्लॉस्ट्रिडियम टेटनी या जिवाणूचे बीजाणू मातीत आणि जनावरांच्या शेणात असतात. अस्वच्छ पात्याने नाळ कापली गेली, किंवा कापलेल्या जागी शेण, राख, माती असं काही लावलं गेलं, की ते आत शिरतात, वाढतात आणि त्यांचं विष मज्जासंस्थेपर्यंत पोचतं. आईने धनुर्वाताची लस घेतलेली असेल, तर तिच्या रक्तातली प्रतिद्रव्यं वारेतून बाळाकडे जातात आणि बाळ सुरक्षित राहतं. उपचार मिळाले नाहीत, तर हा आजार झालेलं बाळ जवळजवळ कधीच वाचत नाही. मोजणाऱ्याच्या दृष्टीने याचा एक अर्थ असा, की घरी झालेल्या आजारात रुग्णसंख्या आणि मृत्युसंख्या जवळजवळ एकच असते.

जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या तोंडपाठ करा. जन्मानंतरचे पहिले दोन दिवस बाळ नीट रडत होतं, दूध नीट ओढत होतं. मग तिसऱ्या ते अठ्ठाविसाव्या दिवसादरम्यान त्याला दूध ओढता येईना, आणि अंग ताठ होऊ लागलं किंवा झटके येऊ लागले किंवा दोन्ही झालं. या व्याख्येत प्रयोगशाळेला जागाच नाही. नाळेच्या जखमेतून जिवाणू सापडलाच पाहिजे असं नसतं, आणि सापडला तरी तेवढ्याने आजार सिद्ध होत नाही. म्हणून सगळा भार लक्षणांच्या क्रमावर आहे. त्यातही ‘पहिले दोन दिवस ठीक होतं’ हा भाग सर्वांत मोलाचा. जन्मताच गुदमरलेलं बाळ सहसा नीट रडलेलंच नसतं आणि त्याला झटके पहिल्या-दुसऱ्या दिवशीच येतात. जंतुदोष झालेलं किंवा मेंदूज्वराचं बाळ मलूल पडतं, शुद्ध हरपते. धनुर्वाताचं बाळ मात्र जागं असतं. हात लावला, आवाज झाला, उजेड पडला, की पुन्हा ताठ होतं. तोंड उघडत नाही, ओठ चुंबल्यासारखे आवळतात, मुठी घट्ट मिटतात. हे पाहिलेली आई ते विसरत नाही. आईला विचारून मृत्यूचं कारण ठरवण्याच्या पद्धतीत, म्हणजे व्हर्बल ऑटॉप्सीत, नवजात धनुर्वात हे त्यातल्या त्यात विश्वासाने ओळखता येणारं कारण मानलं जातं, ते यामुळेच.

मग अडचण कुठे आहे? अडचण ही, की ही बाळं कुठल्याच नोंदवहीत येत नाहीत. घरी जन्मतात, घरीच जातात. जन्माची नोंद नाही, मग मृत्यूची नोंद कोण करणार? सत्तरीच्या दशकाच्या अखेरीपासून पुढे अनेक देशांत घरोघर जाऊन पाहण्या झाल्या, तेव्हा कळलं की सरकारी अहवालांत पोचणारे रुग्ण प्रत्यक्षाच्या शेकडा पाचाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी होते. भारतात ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला झालेल्या पाहण्यांत ग्रामीण भागात हजार जिवंत जन्मांमागे सुमारे १३ आणि शहरी भागात सुमारे ३ बाळं धनुर्वाताने जात असल्याचं दिसलं. १९८८ साठीचा जगाचा अंदाज होता वर्षाला ७ लाख ८७ हजार नवजात मृत्यू. १९८९ मध्ये जागतिक आरोग्य सभेने १९९५ पर्यंत नवजात धनुर्वाताचं दूरीकरण करण्याचा ठराव केला. ती मुदत हुकली, पण काम थांबलं नाही, आणि २०१८ साठीचा अंदाज २५ हजारांवर आला. मला स्वतःला या क्षेत्रात टिकवून ठेवलं ते या गोष्टीने: कुणीतरी दारोदार जाऊन विचारलं, तेव्हा कुठे जगाला कळलं की इतकी बाळं जात होती.

आता घरोघर विचारण्याबद्दल. यावर मी सर्वांत जास्त लिहिणार आहे, कारण वर्गात हे सर्वांत कमी शिकवलं जातं.

जुनी ठरावीक पद्धत अशी: तीस क्लस्टर (म्हणजे नमुन्यासाठी निवडलेल्या वस्त्या), एकूण सुमारे २,००० जिवंत जन्म, आणि कालावधी एका वर्षाचा. अगदी अलीकडचा महिना सोडून त्याआधीचे बारा महिने घ्यायचे, कारण त्या महिन्यात जन्मलेल्या बाळांचे अठ्ठावीस दिवस अजून पुरे व्हायचे असतात. पूर्ण बारा महिने घेतले की ऋतूंचा फरकही आपोआप झाकला जातो. २,००० जन्म मिळवायला किती लोकवस्ती लागते, याचा हिशोब फील्डला जाण्याआधी स्वतः करा. जन्मदर हजारी २५ असेल, तर ८० हजार लोकसंख्या पालथी घालावी लागते. आणि हाच हिशोब नंतर उलटा वापरायचा असतो: ८० हजार वस्तीत तुमच्या पथकाला १,४०० च जन्म सापडले, तर उरलेले गेले कुठे? जन्मदर खरोखर घसरला असेल, किंवा जन्म सुटले असतील. आणि सुटलेले जन्म सर्व प्रकारचे नसतात. जिवंत बाळ मांडीवर दिसतं, ते सुटत नाही. सुटतं ते गेलेलं.

म्हणून मृत्यूबद्दल थेट विचारू नका. ‘तुमच्या घरात गेल्या वर्षात बाळ गेलं का?’ या प्रश्नाला ‘नाही’ हे सर्वांत सोपं उत्तर असतं, आणि दु:खात असलेल्या माणसाला ते द्यावंसं वाटलं तर त्यात नवल नाही. सुरुवात गरोदरपणांपासून करा. किती वेळा दिवस गेले, प्रत्येक वेळी काय झालं, असं एकेक करत पुढे या. शेवटी स्पष्ट विचारा: जन्मल्यावर रडलं किंवा हललं किंवा श्वास घेतला, पण नंतर राहिलं नाही, असं एखादं बाळ होतं का? हा प्रश्न ठरलेल्या शब्दांत, एकही शब्द न गाळता विचारायचा असतो. पथकातल्या कुणाला तो अवघड वाटतो, कुणी तो घाईत उरकतं. पर्यवेक्षक म्हणून मी फॉर्म पाहण्यापेक्षा हा एक प्रश्न ऐकायला शेजारी बसणं पसंत करते.

बाळ उपजत मृत होतं की जन्मून गेलं, हा फरक धनुर्वातासाठी फारसा आड येत नाही, कारण धनुर्वाताचं बाळ निदान दोन-तीन दिवस तरी जगलेलं असतं. पण एकूण नवजात मृत्यूंचा हिशोब त्यावर अवलंबून आहे, आणि तो हिशोब ही तुमची सर्वांत भरवशाची कसोटी आहे. समजा, त्या प्रदेशात हजारी ४० नवजात मृत्यू अपेक्षित आहेत. २,००० जन्मांमागे ते ८० होतात, आणि त्यांतले साधारण तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यातले असले पाहिजेत. तुम्हाला मिळाले ३०. अशा वेळी ‘धनुर्वाताचे फक्त दोन मृत्यू’ हा निष्कर्ष अहवालात लिहिता येत नाही. लिहायचं ते असं, की या पाहणीत मृत्यू सुटले आहेत. मुलगे-मुलींचं प्रमाणही पाहा. निसर्गतः १०० मुलींमागे १०५ च्या आसपास मुलगे जन्मतात. हे प्रमाण फारच ढळलेलं दिसलं आणि त्या भागात गर्भलिंगनिदानाचा इतिहास नसेल, तर मुलींचे जन्म, आणि बहुधा मुलींचे मृत्यू, सांगितले गेलेले नाहीत. इस्पितळांच्या नोंदींत धनुर्वाताचे मुलगे जास्त दिसतात. त्यामागे आजाराचा स्वभाव किती आणि मुलग्याला उचलून दवाखान्यात नेण्याची तत्परता किती, हे इस्पितळाच्या नोंदींवरून कधीच वेगळं काढता येत नाही. घरोघरच्या पाहणीची खरी गरज इथे कळते.

आणखी काही जागा आहेत जिथून मृत्यू निसटतात. दक्षिण आशियात पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते. बाळ माहेरी जन्मलं, माहेरीच गेलं, आणि ती सासरी परतली. माहेरच्या घरी विचारलं तर ‘ती इथे राहत नाही’, सासरी विचारलं तर ‘इथे बाळंतपण झालंच नाही’. नियम आधी ठरवा: बाईचं नेहमीचं राहण्याचं घर धरायचं की बाळ जन्मलं ते ठिकाण. कुठलाही एक धरा, पण सगळ्या पथकांनी तोच धरला पाहिजे. दुसरी जागा याहून वेदनेची. बाळंतपणात आईच गेली असेल, तर प्रश्न विचारायला त्या घरात माताच नसते, आणि ‘बाळंत झालेल्या बायकांच्या’ यादीत ते घर येतच नाही. अशा आईच्या बाळाला मृत्यूचा धोका मात्र इतरांहून कितीतरी जास्त. घरातल्या तरुण स्त्रियांच्या मृत्यूंबद्दल वेगळा प्रश्न ठेवा. बंद घरं, हंगामी स्थलांतर, गावाबाहेरची वस्ती यांच्यासाठी दुसरी फेरी खर्चात धरलेलीच असू द्या. खर्च आटोक्यात ठेवायचा झाला की पहिली कात्री दुसऱ्या फेरीवर चालते, आणि ज्या घरांसाठी ती फेरी होती, त्याच घरांत धनुर्वात असण्याची शक्यता अधिक असते.

वय दिवसांत लिहा. ‘आठवड्याचं होतं’ याचा अर्थ पाच दिवसांपासून दहापर्यंत काहीही असू शकतो, आणि ‘महिन्याचं’ याने तर अठ्ठावीस दिवसांची सीमारेषाच पुसली जाते. तुमच्या तक्त्यात सातव्या दिवसावर मृत्यूंचा ढीग दिसला, तर प्रत्यक्षात तो पाचव्या ते नवव्या दिवसांत विखुरलेला असणार. नाळ पडली होती का, नाव ठेवलं होतं का, आठवड्याचा कोणता वार होता, अशा खुणांनी दिवस बराचसा नेमका सापडतो.

व्हर्बल ऑटॉप्सीकडे वळते. १९९२ मध्ये गडचिरोलीच्या ‘सर्च’ या संस्थेच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी सहकाऱ्यांसह, विकसनशील देशांतल्या बालमृत्यूंची कारणं अशा मुलाखतीवरून ठरवण्याचे निकष जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात मांडले. मराठी वाचकाने ते जरूर वाचावेत, कारण निकष बांधताना लोकांच्या बोलण्यातून लक्षण कसं वेचायचं याची शिस्त त्यात आहे. ज्यांना हे नवं आहे, त्यांना मी एवढंच सांगेन: आधी आईला तिच्या शब्दांत सगळं सांगू द्या, तुमची प्रश्नावली नंतर. मध्ये बोलू नका. ‘अंग धनुष्यासारखं वाकलं होतं का?’ असं विचारलंत, तर ‘हो’ मिळेल, आणि ते ‘हो’ तुमचं असेल, तिचं नाही. लक्षण तिच्या तोंडून आलं की तुम्ही सुचवल्यावर आलं, हे फॉर्मवर वेगळं नोंदवायची सोय करून घ्या. घरातलं दुसरं कुणी तिच्या वतीने बोलत असेल, तर त्यांचा मान राखून, त्यांचंही ऐकून, मग आईकडे वळा. आणि कोणती सुईण होती, कशाने नाळ कापली, हे विचारताना आवाजात दोषारोपाची छटासुद्धा नको. सुईण शेजारीच राहणारी असते. तुम्ही निघून जाल, त्या दोघी तिथेच राहतील.

एक तांत्रिक गोष्ट यातच सांगते, कारण ती नव्यांना कुणी सांगत नाही. मृत्यूचं कारण ठरवणाऱ्या डॉक्टरला आईच्या लसीकरणाची माहिती दिसता कामा नये. दिसली, की काय होतं? लक्षणं अर्धवट आहेत; आईने दोन डोस घेतलेत; डॉक्टर म्हणतो, मग धनुर्वात नसावा. डोस घेतले नसते, तर तीच लक्षणं धनुर्वात ठरली असती. पुढे कुणी त्याच माहितीवरून लस किती परिणामकारक आहे हे काढतं, आणि ती आहे त्याहून चांगली दिसते. लसीचा प्रश्न मुलाखतीतही लक्षणांनंतरच ठेवा, आणि निदानाकडे जाणाऱ्या कागदावरून तो काढून टाका.

कारणाची खात्री नसतानाही धनुर्वात कसा मोजता येतो, याचं माझ्या मते सर्वांत सुंदर उदाहरण बांगलादेशातल्या मतलब या ग्रामीण भागाचं आहे. तिथे १९६६ पासून जन्म-मृत्यूंची घरोघर नोंद ठेवली जाते. १९७४ मध्ये तिथे पटकीच्या (कॉलऱ्याच्या) लसीची चाचणी झाली आणि तुलनेच्या गटाला धनुर्वात-घटसर्पाची लस दिली गेली. चाचणी पटकीची, पण नंतर संशोधकांनी त्या बायकांना पुढच्या काळात झालेल्या बाळांकडे पाहिलं. प्रत्येक बाळ कशाने गेलं हे ठाऊक नव्हतं. दिवस ठाऊक होता. धनुर्वाताचे मृत्यू चौथ्या ते चौदाव्या दिवसांत एकवटतात, म्हणून त्यांनी तेवढेच दिवस पाहिले, आणि धनुर्वाताची लस मिळालेल्या गटात त्या दिवसांतले मृत्यू स्पष्टपणे कमी निघाले. हे शक्य झालं, कारण कुणीतरी वर्षानुवर्षं प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू तारखेनिशी लिहून ठेवला होता. तुमच्याकडे कारणांची माहिती कच्ची आणि तारखांची पक्की असेल, तर पहिल्या महिन्यातल्या मृत्यूंचा दिवसवार आलेख काढा. पहिल्या दिवसाचा उंच खांब, मग उतार, आणि पाचव्या दिवसानंतर पुन्हा एक फुगवटा दिसला, तर तिथे धनुर्वात शोधायला जा.

आता गणित. हे टाळून चालणार नाही, कारण आजार कमी होत जातो तसं मोजण्याचं काम सोपं होत नाही, अवघड होत जातं. २,००० जन्मांमागे २० मृत्यू सापडले, तर दर हजारी १०, आणि पॉयसाँ वितरणाने (विरळ घटना मोजण्याच्या गणिताने) ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा दर जिथे असण्याची शक्यता आहे तो पल्ला, साधारण ६ ते १५. वापरण्याजोगा आकडा. लसीकरण वाढलं, पुन्हा तितकीच पाहणी केली, आणि दोनच मृत्यू सापडले. दर हजारी १, इंटरव्हल ०.१ ते ३.६. आता हा जिल्हा उत्तम स्थितीत आहे की बऱ्यापैकी वाईट, हे तुम्हाला सांगताच येत नाही. शिवाय हे गणित साध्या यादृच्छिक नमुन्याचं. धनुर्वात एकाच वस्तीत, एकाच सुईणीच्या हातच्या बाळंतपणांत एकवटू शकतो, त्यामुळे क्लस्टर नमुन्यात अनिश्चितता आणखी वाढते.

दूरीकरणाचा निकष आहे: प्रत्येक जिल्ह्यात वर्षाला हजार जिवंत जन्मांमागे एकापेक्षा कमी रुग्ण. देशाची सरासरी चालत नाही, आणि हा शब्द ‘प्रत्येक’ फार विचार करून ठेवलेला आहे. पण इतका लहान दर जिल्हागणिक मोजणं अशक्यप्राय, म्हणून प्रश्न बदलला गेला. ‘दर किती?’ असं न विचारता ‘दर एकापेक्षा कमी आहे असं म्हणायला पुरेसा आधार आहे का?’ असं विचारायचं. ही लॉट क्वालिटी पद्धत कारखान्यांतल्या मालाच्या तपासणीतून आली. आधी उपलब्ध माहितीवरून, म्हणजे नोंदलेले रुग्ण, लसीकरण, स्वच्छ बाळंतपणांचं प्रमाण यांवरून, सर्वांत जोखमीचा जिल्हा निवडायचा आणि पाहणी तिथेच करायची. तो उत्तीर्ण झाला, तर बाकीचेही असतील असं मानायचं. भारतात आंध्र प्रदेशात २००३ मध्ये अशी पडताळणी झाली, पुढे एकेक राज्य होत गेलं, आणि २०१५ मध्ये देशाची पडताळणी पूर्ण झाली.

या पद्धतीमागचं गणित स्वतःच्या हाताने एकदा करा. खरा दर हजारी १ असताना १,००० जन्मांत एकही मृत्यू न सापडण्याची शक्यता ३७ टक्के. म्हणजे हजार जन्मांत शून्य सापडलं म्हणून निश्चिंत होता येत नाही. ३,००० जन्मांत ती ५ टक्क्यांवर येते. पण दुसरी बाजूही पाहा: खरा दर हजारी ०.२ इतका कमी असला, तरी ३,००० जन्मांत निदान एक मृत्यू सापडण्याची शक्यता सुमारे ४५ टक्के असते. ‘एकही नको’ असा नियम ठेवला, तर चांगले जिल्हेही निम्म्याच्या जवळपास वेळा नापास होतील. म्हणून किती मृत्यूंपर्यंत जिल्हा स्वीकारायचा ते आधी ठरवतात, आणि गरज पडली तर दुसरा नमुना घेतात. हे सगळं ‘आधी’ ठरवायचं असतं. निकाल हातात आल्यावर सीमारेषा सरकवण्याचा मोह मी पाहिला आहे, आणि त्याला नकार देणं हे आपल्या पेशातलं सर्वांत महत्त्वाचं काम आहे असं मी मानते. आणि मघाची गोष्ट इथे सर्वांत जास्त लागू पडते: निकाल एका-दोन मृत्यूंवर ठरत असेल, तर एकच लपलेला मृत्यू सगळा निकाल फिरवतो. लॉट क्वालिटी पाहणीत एकूण नवजात मृत्यूंचा दर तपासल्याशिवाय धनुर्वाताचा निकाल वाचूच नये.

सुटलेल्या नोंदींचा अंदाज घेण्याचा एक जुना मार्ग आपल्याकडचाच आहे. १९४९ मध्ये चंद्रशेखरन आणि डेमिंग या अभ्यासकांनी कोलकात्याजवळच्या सिंगूरमधल्या माहितीवरून दाखवलं, की एकाच भागातल्या जन्म-मृत्यूंच्या दोन स्वतंत्र याद्या जुळवल्या, तर दोन्हींतून सुटलेल्यांचाही अंदाज बांधता येतो. इस्पितळाच्या यादीत १२ रुग्ण, गावपातळीवरच्या कार्यकर्तीच्या यादीत २०, दोन्हींत सामाईक ८. तर एकूण सुमारे ३०. भारताच्या नमुना नोंदणी पद्धतीतही अंशकालीन नोंदणीदाराची सततची नोंद आणि सहामाही स्वतंत्र पाहणी अशा दोन याद्या जुळवतात. मात्र अट ‘स्वतंत्र’ या शब्दात आहे. धनुर्वाताच्या बाबतीत जे बाळ इस्पितळात पोचतं, ते बहुधा त्या कार्यकर्तीलाही ठाऊक असतं, आणि जे कुणालाच ठाऊक नाही ते दोन्हीकडे नसतं. म्हणून इथे मिळणारा अंदाज किमान समजा. खरा आकडा त्याच्या वरच असणार.

मॉडेलबद्दल थोडक्यात. जागतिक आकडे बहुतांशी मोजलेले नसतात, काढलेले असतात. जुनं सूत्र साधं होतं: जन्म गुणिले लसीशिवायचा मृत्युदर गुणिले असंरक्षितांचा वाटा. एक लाख जन्म, मूळ दर हजारी १०, दोन डोसचं प्रमाण ६० टक्के, परिणामकारकता ९० टक्के धरली, तर १,००० ऐवजी ४६० मृत्यू. यातला प्रत्येक आकडा हलता आहे. मूळ दर कित्येकदा दशकांपूर्वीच्या एखाद्या पाहणीतला असतो. ‘या गरोदरपणात दोन डोस’ या मोजमापात आधीच्या बाळंतपणांत पाच डोस पुरे केलेली बाई असंरक्षित ठरते. म्हणून जन्मवेळी बाळ संरक्षित होतं का, हा प्रश्न बाळाला त्रिगुणी लसीच्या पहिल्या डोससाठी आणलं जातं तेव्हा विचारण्याची पद्धत आली. पण जी बाळं तोवर जगलीच नाहीत, ती त्यातही नसतात. मॉडेल वाईट नसतं. मात्र त्याचा आकडा वाचताना त्यातलं किती कुणी प्रत्यक्ष मोजलं होतं, ते शोधून काढायची सवय लावून घ्या.

शिकायचं काय? डॉक्टर असाल, तर पॉयसाँ, क्लस्टर नमुना आणि जीवनसारणी (वयागणिक किती जगले, किती गेले याचा तक्ता) शिका. आर किंवा स्टाटा या संख्याशास्त्राच्या संगणक-प्रणालींपैकी एक हातात असू द्या. संख्याशास्त्राचे असाल, तर प्रसूतिगृहात आणि नवजात कक्षात काही काळ काढा, नाळ कशी कापतात ते पाहा. मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था लोकसंख्याशास्त्रासाठी चांगली. मतलबसारख्या दीर्घकालीन नोंदणी केंद्रात काम करायला मिळालं, तर पगार कमी असला तरी जा; तिथे माहिती कशी तयार होते ते दिसतं, आणि एकदा ते पाहिलं की तयार तक्त्याकडे तुम्ही कधीच भाबडेपणाने पाहणार नाही. मुलाखतींचं प्रशिक्षण टाळू नका, ते ‘कनिष्ठांचं काम’ समजू नका. या कामाचा मनावर ताण येतो. दिवसभर गेलेल्या बाळांबद्दल ऐकणाऱ्या मुलाखतकर्तीला संध्याकाळी बोलायला कुणी हवं. ती सोय पाहणीच्या आराखड्यातच लिहा, तिच्या सहनशक्तीवर सोडू नका. आणि घरी आजारी बाळ दिसलं, तर मुलाखत थांबवून आधी त्याला दवाखान्यात पोचवायचं, हा नियम लेखी असू द्या.

आज तुम्ही या क्षेत्रात याल, तेव्हा बहुतेक ठिकाणी तुमच्यासमोर मोठे आकडे नसतील, शून्य असेल. बीजाणू मातीत कायम राहणार, त्यामुळे हा आजार देवीसारखा पुसला जाणार नाही, आणि मोजणंही थांबवता येणार नाही. म्हणून शून्याची तपासणी हेच आता मुख्य काम. जिल्ह्याने ‘शून्य रुग्ण’ कळवलं की अहवाल आलाच नव्हता आणि रकाना आपोआप शून्य झाला, हे आधी वेगळं करा. मग मोठ्या इस्पितळाच्या बालरोग विभागाची नोंदवही स्वतः उघडा आणि तिसऱ्या ते अठ्ठाविसाव्या दिवसांतली ‘झटके’, ‘जंतुदोष’, ‘कारण अज्ञात’ अशी प्रत्येक नोंद वाचा. कारण लिहिलेलं नसलेला त्या वयातला मृत्यू नियमाने संशयित धनुर्वातच धरायचा असतो. एक रुग्ण सापडला, तर त्याच्या गावी जा, बाळंतपण कुठे आणि कुणी केलं ते विचारा, आसपासच्या बायकांना लस मिळाली आहे का पाहा, आणि त्या गावात त्याच वर्षी जन्मलेल्या सगळ्या बाळांची यादी नव्याने करा.